डावा कोपरा

अण्णा,

काल तुमच्या शाळेच्या मैदानावर तुमच्या नावाची कबड्डी स्पर्धा झाली, आणि मी माइक हातात घेऊन चारचौघांत तुमच्याबद्दल वाईट बोलले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी लिहून राहिले ते तुम्हाला कळेल. आज शाळेला सुट्टी आहे. आई शेजारी जाऊन बसलीय, बहुतेक माझ्यावर रुसून. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात मी तुमच्याशी कितीदा तरी भांडले, भाकरी थापताना, मुलींना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावताना, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर. पण ते भांडण कधी कागदावर आलं नव्हतं. आज येऊ द्या. मध्ये बोलू नका.

जवळा बाजार आता तुम्हाला ओळखू यायचा नाही. बाजारतळाकडून शाळेकडं जाणारा रस्ता सिमेंटचा झालाय आणि दोन्ही बाजूंना मोबाइलची दुकानं आहेत. मैदान मात्र आहे तिथंच आहे. फक्त आता मातीवर कुणी खेळत नाही, मॅट अंथरतात, पोरं बूट घालून खेळतात. मंडप घातला होता. स्टेजवर तुमचा तो कोट घातलेला फोटो, त्याला हार. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल दिली, नारळ दिला. शेजारी तांड्यावरची माझी मैत्रीण बसली होती, तीच, जिच्यासाठी तुम्ही तिच्या बापाचे उंबरे झिजवले. ती आता पोलिसात आहे, हिंगोलीला असते. काल साडी नेसून आली होती, पण बसली होती ती पोलिसासारखीच, ताठ.

मग समितीचे अध्यक्ष बोलायला उठले. तुमचाच जुना विद्यार्थी. देशानं आशियाई स्पर्धेत कबड्डीत किती सोनं आणलं इथून त्यांनी सुरुवात केली, आणि तिथून ते तुमच्यावर आले. "सरांनी हे रोप आपल्या मातीत लावलं," म्हणाले. आणि मग ती गोष्ट. मला माहीतच होतं ती येणार. तुमच्या शोकसभेत आली होती, तुमच्या पहिल्या पुण्यतिथीला आली होती, माझ्या लग्नात सुद्धा कुणीतरी जेवणाच्या पंगतीत सांगितली होती. "मित्रहो, जिल्ह्याच्या निवड समितीवर सर होते. स्वतःची सख्खी पोरगी चाचणीला उभी. आन सरांनी तिला बाहेर ठेवलं! नातं बघितलं न्हाई, रक्त बघितलं न्हाई. असा सरळ माणूस आज हुडकून सापडनार न्हाई." टाळ्या पडल्या, अण्णा. लोक टाळ्या वाजवत माझ्याकडं बघत होते, कौतुकानं. मी मांडीवरचा नारळ धरून बसले होते.

तुम्हाला आपलं ते जुनं स्वयंपाकघर आठवतं का? पुढं पडवी, आत चूल, मध्ये शेणानं सारवलेली जमीन. मी दहा-अकरा वर्षांची आहे. आई भाकरी थापतेय. तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत वर दुमडून उंबऱ्यातून आत येता, "कबड्डी, कबड्डी" असा दम लावून, आणि मी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात दबा धरून बसलेय. तुम्ही एक पाय पुढं टाकता, मागं घेता, परत टाकता. "अजून न्हाई," असं तुम्ही डोळ्यांनी सांगता. मी थांबते. आणि ज्या क्षणी तुमचं सगळं वजन त्या पुढच्या पायावर येतं त्या क्षणी मी झेपावते, दोन्ही हातांनी घोटा धरते, छाती तुमच्या नडगीला लावते आणि मागं ओढते. तुम्ही धाडकन पडता. पिठाची परात कलंडते. आई ओरडते, "मास्तर हायसा का कोन हायसा!" आणि तुम्ही जमिनीवर पडल्या पडल्या हसत असता, तोंडावर पीठ. मला वाटतं, जगात याच्याहून मोठं काही नसेल.

घोट्याची पकड तुम्ही मला अशी शिकवलीत, स्वतःचा पाय देऊन. दुसऱ्या कुठल्या पोरीला तुम्ही स्वतःचा पाय दिला नव्हता. मैदानावर मात्र मला तुम्हाला सर म्हणावं लागायचं. एकदा चुकून अण्णा म्हणाले तर तुम्ही मला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या, आणि बाकीच्या पोरी हसल्या. तेव्हा मला राग आला नव्हता. वाटायचं, घरात अण्णा माझे एकटीचे आहेत, तर इथं सगळ्यांचे असले म्हणून काय बिघडलं.

आणि तो तुमचा फळा. शाळेच्या भिंतीवर तुम्ही स्वतः काळा रंग देऊन केलेला. वर लिहिलेलं, "आशियाई स्पर्धा: कबड्डी: भारत". दर चार वर्षांनी तुम्ही सगळ्या शाळेला रांगेत उभं करायचात आणि शिडीवर चढून पांढऱ्या रंगानं नवीन साल लिहायचात, त्यापुढं "सुवर्ण". बाकीच्या खेळांत देश कुठं आहे हे विचारलं की तुमचा चेहरा पडायचा. एवढा मोठा देश, एवढी माणसं, आणि पदकांच्या यादीत आपलं नाव किती खाली. पण कबड्डीचं म्हटलं की तुमचा आवाज चढायचा. "ह्यात आपन हरत न्हाई. एकदा बी न्हाई." एका वर्षी मी नाही, तांड्यावरच्या या माझ्या मैत्रिणीनं खालून विचारलं होतं, "सर, पोरींची काहून न्हाई त्यात?" तुम्ही शिडीवरून मागं वळून बघितलंत. "येईल," म्हणालात, "बायकांची बी येईल. तवा त्या संघात आपल्या भागातली पोरगी पायजे." असं म्हणताना तुम्ही एकेका पोरीकडं बघितलंत. माझ्यावरून तुमची नजर घसरली आणि पुढं गेली. ते मला तेव्हा दिसलं होतं. कळलं मात्र नंतर.

तांड्यावर तुम्ही मला सोबत घेऊन गेला होतात. एकदा नाही, परत परत. तिचा बाप बाजेवर बसलेला, विडी ओढत. "मास्तर, पोरगी चड्डीवर खेळनार. उद्या तिला कोन करील?" तुम्ही शांतपणे चहा प्यालात आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. "ही माझी पोरगी. ही बी खेळती. दोघी संगं जातील, संगं येतील. माझी जाती तर तुमची काहून न्हाई?" तो हात मला अजून पाठीवर जाणवतो. तुम्ही मला जामीन ठेवलंत तिथं, अण्णा. आणि त्या माणसानं बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बराबर हाय. तुमची असंल तर जाऊ द्या."

तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. निवड चाचणी परभणीलाच. मी डाव्या कोपऱ्यात खेळले. त्या दिवशी माझा दम चांगला होता, हात चांगले होते, ऊन होतं तरी पाय माती पकडत होते. समोरच्या बाजूची ती उंच मुलगी, जिला कुणी धरू शकत नव्हतं, तिला मी धरली. कडेला उभी असलेली माणसं ओरडली, "अरे, ही कोन पोरगी?" कुणीतरी सांगितलं, "सरांची हाय." तुम्ही टेबलामागं दोन परीक्षकांच्या मध्ये बसला होतात. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली बघून काहीतरी लिहीत होतात.

संध्याकाळी नावं तुम्हीच वाचलीत. ते काम तरी दुसऱ्या कुणाला द्यायचं होतंत. तुम्ही वाचत गेलात, एकेक पोरगी पुढं गेली, माझ्या मैत्रिणीचं नाव आलं तेव्हा तिनं माझा हात दाबला आणि सोडला. शेवटचं नाव वाचून तुम्ही कागदाची घडी केलीत. डाव्या कोपऱ्याला परभणीची एक मुलगी घेतली होती. उरलेल्या परीक्षकांपैकी एकजण उठून तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तुमचं कौतुक वाटतं." मी तिथंच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. माझं कुणाला काही वाटलं नाही.

परतीच्या बसमध्ये आपण झिरो फाट्याला पोचलो. मी विचारलं, "काहून, अण्णा?" तुम्ही म्हणालात, "तुला घेतली असती तर लोक म्हनले असते, मास्तरनं पोरगी घुसवली." मी म्हणाले, "आन आता मी काय म्हनू?" तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. मग खालच्या आवाजात म्हणालात, "आपल्यासारख्या घरातल्या मानसाकडं लोक डोळ्यात तेल घालून बघतात. एक चूक सापडायची वाट बघतात. आपल्याला दुसऱ्याच्या दुप्पट सरळ चालावं लागतं. तू समजदार हाईस."

समजदार. या शब्दाचा मला जितका राग येतो तितका शिवीचा येत नाही. वस्तीतून शिकून वर आलेला तुम्ही पहिला मास्तर, तुमच्या नेमणुकीच्या वेळी स्टाफरूममध्ये काय काय बोललं गेलं ते मला आईनं सांगितलंय, तुमच्या हातचं पाणी न पिणारा हेडमास्तरही मला माहीत आहे. ते सगळं खरं. तुम्हाला दुप्पट सरळ चालावं लागलं हेही खरं. पण अण्णा, त्या दिवशी तुम्ही चाललात ते माझ्या पायांनी. त्या माणसांच्या तोंडाला कुलूप लावायला तुम्हाला कुणाचा तरी बळी द्यायचा होता, आणि घरात मी होते. मला विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हणाले असते. समजदार होते ना. तुम्ही विचारलं नाहीत.

इथवर असतं तरी मी गिळलं असतं. पण माझ्या मैत्रिणीच्या बापानं तांड्यावरून निरोप धाडला, मास्तरची पोरगी न्हाई तर माझी बी न्हाई. तुम्ही त्यावर काय तोडगा काढलात? मला सोबत पाठवलंत. संघाबरोबर, सांगलीला, राज्य स्पर्धेला. खेळाडू म्हणून नाही. पोरीला सोबत म्हणून. मी बॅगा राखल्या. मी कळशी भरून आणली. मी पोरींचे घामेजलेले कपडे नळावर धुतले आणि दोरीवर वाळत घातले. आणि मैदानाच्या कडेला बसून बघितलं, डाव्या कोपऱ्यातली ती परभणीची मुलगी घाईघाईनं हात टाकतेय, वजन यायच्या आधी झेपावतेय, चढाई करणारी तिच्या हातातून निसटून जातेय. एकदा, दोनदा. शेवटच्या मिनिटांत आपण एका गुणानं मागं होतो. समोरची चढाईला आली, पाय पुढं टाकला, वजन आलं, मला दिसलं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "घोटा! आत्ता! घोटा धर!"

तुम्ही संघाचे प्रशिक्षक, बाकावरून वळलात. सगळ्या मैदानासमोर, सगळ्या जिल्ह्यांच्या पोरींसमोर म्हणालात, "तू खेळाडू न्हाईस. गप बस."

आपण हरलो. परतीच्या गाडीत माझी मैत्रीण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि मी जागी होते. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला एक शिट्टी आणून दिलीत, लाल दोरीची, चांगली, शहरातून आणलेली. म्हणालात, "तुझी नजर चांगली हाय. तू शिकवशील." आणि म्हणालात, "पुढच्या वर्षी मी समितीवर न्हाई राहनार. तवा खेळ." पुढच्या वर्षी सगळ्यांनी तुमच्या हातापाया पडून तुम्हालाच समितीवर ठेवलं, कारण स्वतःच्या पोरीला वगळणारा माणूस दुसरा कुठून आणायचा? तुम्हाला नाही म्हणता आलं नाही. मी चाचणीलाच गेले नाही. मी बारावी झाले, खेळाची पदवी घेतली, औंढ्याच्या शाळेत लागले. तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोरींना शिकवतेय. तुम्ही म्हणाला होतात तसंच.

तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, ते सांगते. बायकांची कबड्डी आली आशियाई स्पर्धेत. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी. पहिल्याच वेळी आपल्या बायकांनी सोनं आणलं, पुढच्या वेळी परत आणलं. पुरुषांचं तर चालूच होतं. मग एका वर्षी, तुमचा विश्वास बसणार नाही, पुरुष उपांत्य सामन्यातच इराणकडून हरले. ज्यांचं सोनं कधीच हुकलं नव्हतं ते. लोक सुतक पडल्यासारखे बसले होते. दुसऱ्या दिवशी बायकाही अंतिम सामन्यात इराणकडूनच हरल्या, थोडक्यात. स्टाफरूममधल्या टीव्हीवर मी बघत होते. बायकांचं मला फार लागलं, ते वेगळं. पण आदल्या दिवशी पुरुष हरले तेव्हा, खरं सांगते, मला मोकळं वाटलं. एकदाचा तो न डागाळलेला विक्रम डागाळला. आता माणसं माणसासारखी खेळतील, असं वाटलं. बिनडागाचं काही जपायला किती लागतं आणि ते कुणाकडून घेतलं जातं हे मला घरातून माहीत होतं.

आणि त्यानंतरच्या स्पर्धेत देशाला शंभरावर पदकं मिळाली. शंभर, अण्णा. तुमच्या त्या रडव्या यादीच्या काळात कुणी म्हणालं असतं तर तुम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. आणि त्यातलं शंभरावं पदक कुणाचं होतं माहीत आहे? बायकांच्या कबड्डीचं. एका गुणानं जिंकल्या. माझ्या शाळेतल्या पोरी बाकांवर चढून नाचल्या. पुरुषांनीही त्याच दिवशी सोनं परत आणलं, भांडणात सामना किती तरी वेळ थांबला होता तरी.

तर काल. भाषण संपलं, टाळ्या संपल्या, आणि अध्यक्षांनी तुमच्या फळ्यावरचा पडदा ओढला. नवा रंग दिलाय, सोनेरी अक्षरं काढलीत. पुरुषांची सगळी सुवर्णपदकं, सालांसकट. हरलेलं वर्ष गाळलेलं. आणि बायकांचं काहीच नाही. एक ओळ नाही. मी शेजारी बसलेल्या समितीच्या माणसाला विचारलं, "बायकांचं कुठाय?" तो म्हणाला, "मॅडम, जागा कमी पडली. पुढच्या वेळी बघू." आणि लगेच, "दोन शब्द बोलता का? सरांच्या आठवणी?"

मी उठले. आठवणी म्हणून मी काय बोलणार हे मलाही माहीत नव्हतं. माइकमधून आवाज घुमत होता. मी म्हणाले, "आत्ता तुम्ही गोष्ट ऐकली, सरांनी पोरीला बाहेर ठेवलं. ती पोरगी मी. तीस वर्षं मी ही गोष्ट ऐकून राहिले आणि तीस वर्षं तुम्ही टाळ्या वाजवून राहिलात. त्याग केला तो कुणी? सरांनी काय सोडलं? त्यांची नोकरी गेली? समितीवरची खुर्ची गेली? जागा माझी होती. ती माझ्याकडून हिसकावून घेतली आणि तिच्यावर सरांचं नाव मोठं झालं. आज त्यांच्या फळ्यावर बायकांना जागा नाही. तिथंही आम्हीच समजदार व्हायचं का?"

मागं चहाच्या भांड्याखालचा स्टोव्ह फरफरत होता. तुमच्याबरोबरचे एक जुने सर, आता काठी घेऊन चालतात, ते उठून म्हणाले, "बाई, गेलेल्या मानसाबद्दल असं बोलू ने. बापाबद्दल तर न्हाईच न्हाई." मी म्हणाले, "सर, तो जिवंत होता तेव्हा मला गप बसवलं होतं. आता गेलेला आहे म्हणून गप बसू?" ते बसले. अध्यक्षांनी गडबडीनं पुढच्या सामन्याची घोषणा केली.

सामने चालू असताना मी रंगाऱ्याच्या सामानातला पांढऱ्या रंगाचा डबा उचलला. फळ्याच्या खाली, अगदी काठाला, वीतभर काळी पट्टी मोकळी होती. शिडी कुणीतरी नेली होती, नाहीतरी खाली लिहायला शिडी लागतच नव्हती, मी जमिनीवर गुडघे टेकून बसले. माझी मैत्रीण आली आणि न विचारता डबा धरून उभी राहिली. समितीचा एक पोरगेला माणूस धावत आला, "मॅडम, हे चालत न्हाई, परवानगी..." ती नुसती त्याच्याकडं वळली. "कुनाची परवानगी?" म्हणाली. तो निघून गेला. मी लिहिलं, महिला. सुवर्ण, सुवर्ण. मग ब्रश थांबला.

"रौप्य बी लिहितीस?" तिनं विचारलं.

"लिहिते. हरलेलं बी लिहिते."

"लिही," ती म्हणाली. मग डबा दुसऱ्या हातात घेऊन, "तू माझ्यापेक्षा भारी खेळत होतीस. मी माझ्या बापाला बी सांगितलं होतं. सांगलीहून आल्यावर." मी मान वर केली नाही. शेवटचं सुवर्ण लिहिलं. अक्षरं वाकडी आलीत, पट्टी खालून संपत गेली तशी ओळ चढत गेलीय. असू दे.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आई ओसरीत बसून होती. मला वाटलं, आता ही रडणार, बापाचं नाव घालवलंस म्हणणार. ती म्हणाली, "लई बोललीस म्हनं."

"व्हय."

"बोलायचं व्हतं तर समदं बोलायचं. तुझी जागा गेली, तुझी जागा गेली. तुझं भाषनात नाव तरी निघतं, पोरगी म्हनून का व्हईना. त्या संघाच्या बारा-बारा पोरी माझ्या चुलीवर जेवल्या, माझ्या न्हाणीत न्हाल्या. तांड्यावरची तर दोन म्हैने इथंच व्हती. मला कोनी इचारलं व्हतं का, तुला तकलीफ व्हती का म्हनून? तुज्या बापानं? तू इचारलंस?" ती उठली, पदर झटकला. "आन त्यो तुज्या मैतरिणीचा बाप इथं येऊन माझ्याच हातचा चहा पिऊन सांगून गेला, मास्तर देवमानूस हाय." आणि ती हसली, अण्णा. कडू हसली, पण हसली. सकाळपासून शेजारी जाऊन बसलीय. रुसलीय ती तुमच्यासाठी नाही. माझ्यावर, स्वतःसाठी.

तुमचा राग कमी झालाय असं समजू नका. फळ्यावर चार शब्द लिहिल्यानं तीस वर्षांचं काही फिटत नाही, आणि मला ते फेडूनही घ्यायचं नाही. उद्या शाळा उघडेल, मी मैदानावर जाईन, पोरी मला मॅडम म्हणतील. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. टाकायलाही जागा नाही. विहारात तुमच्या फोटोसमोर ठेवावं तर आई वाचून घेईल.

एकच गोष्ट राहिली. काल मैत्रीण म्हणाली की मी भारी खेळत होते, आणि मला तिचं खरं वाटलं नाही, कारण ती माझ्यावर माया करते. तुम्ही खेळाच्या बाबतीत कुणावर माया केली नाहीत. तुम्ही म्हणाला असतात तर मी मानलं असतं. त्या टेबलामागं खाली मान घालून तुम्ही जे लिहीत होतात, त्यात गुणांवर माझी जागा लागत होती आणि तुम्ही ती खोडलीत, की मुळात लागतच नव्हती आणि लोकांनी तुम्हाला फुकटचा देवमाणूस केला, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायला भ्याले. काल सगळ्या गावासमोर मी छातीठोकपणे सांगितलं, जागा माझी होती. मला माहीत नाही, अण्णा, होती का ते.